मोरीतून वाहून गेलेलं जातं कुठे?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘नोकरीत नेमकं काय केलंस ते थोडक्यात सांग,’ असं संयोजकांनी फर्मावलं आहे. मी रुग्णालयांत किरणोत्सार सुरक्षा अधिकारी होतो. नाव भारदस्त आहे, पण माझा बराचसा वेळ संडासाच्या टाकीपाशी गेला. हसू नका, सांगतो.

थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात. परळला १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं आणि पुढे आपल्याकडे हे उपचार रुजले. थायरॉइडच्या पेशी त्यातलं थोडं आयोडीन धरून ठेवतात. उरलेलं बहुतेक पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून मोठा डोस दिलेल्या रुग्णाच्या संडासाचा पाइप थेट गटाराला जोडत नाहीत, एका बंद टाकीत सोडतात. टाकी भरली की ती बंद करायची, दुसरी चालू करायची आणि पहिलीला हात लावायचा नाही.

का? याचं उत्तर गणिताच्या सरांनी आपल्याला कधीच देऊन ठेवलं होतं. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं! आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत ते दहा वेळा निम्मं होतं, म्हणजे १०२४ भागांतला एकच भाग उरतो. मैलाशुद्धीकरण केंद्रातले जंतू मैला खातात, पण किरणोत्सार त्यांना खाता येत नाही. तो क्लोरिनने मरत नाही आणि आगीत जळत नाही. त्याला एकच औषध, थांबणं.

थांबायची सोयच नसेल तर काय होतं, ते जपानने पाहिलं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. हवेतून आलेलं सीझियम छपरांवर, रस्त्यांवर बसलं आणि पावसाने धुऊन गटारात आलं. सुमारे ६० किलोमीटरवरच्या कोरियामा शहरात मैलापाण्याच्या गाळात किलोमागे २६,४०० बेकरेल सीझियम सापडलं. तोच गाळ वितळवून उरलेल्या खड्यांत ३,३४,००० बेकरेल. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. पाणी स्वच्छ झालं, कारण त्यातलं सीझियम गाळात साठलं. गाळ आटवला तसं ते आणखी दाट झालं. सीझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. त्या गाळात राबणाऱ्या कामगारांचा अणुवीजेशी काडीचा संबंध नव्हता.

आता माझी गोष्ट. एका रुग्णालयात आयोडीनच्या खोलीचा पाइप रात्री तुंबला. ड्यूटीवरच्या कुणीतरी नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने उघड्या हातांनी पाइप मोकळा केला. कुणी त्याला काही सांगितलं नाही. सकाळी मी पोचलो, यंत्र फिरवलं. हात साबणाने धुऊन साफ झाले, पण चपला काही केल्या निघेनात. त्या पिशवीत बांधून कपाटात ठेवल्या आणि त्याला नव्या घेऊन दिल्या. त्याला धोका पोचेल इतकं काही झालं नव्हतं, हे मी समजावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘साहेब, आधी सांगितलं असतं तर मी सकाळपर्यंत थांबलो असतो.’

तीन महिन्यांनी तो चपला मागायला आला. नव्या चावत होत्या! मी मोजून बघितल्या, साफ होत्या; देऊन टाकल्या. त्याचं वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं. टाकी होती, नियम होता, यंत्र होतं. फक्त सांगणारं तोंड नव्हतं, आणि त्या रुग्णालयात ते माझं काम होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीबाहेर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत पाटी लावली: ‘पाइपला हात लावण्याआधी विचारा’, आणि खाली माझा फोन नंबर.

घाबरवायला मी हे सांगत नाही. घरी कुणाला हा उपचार झाला तर डॉक्टर सांगतील तितके दिवस वेगळा संडास, दोनदा फ्लश, हात नीट धुणं, एवढं पुरतं. आणि त्या दिवसांत पाइप तुंबला, तर प्लंबरला आधी खरं सांगा. आपल्यात डॉक्टर आहेत, बिल्डर आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. आपल्या मोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं असतं, एवढं लक्षात असू द्या.

सर, अर्ध्याचं अर्धं जन्मभर उपयोगी पडलं.