पालकांशी पडद्याविषयी बोलताना
(शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला म्हणजे बहुधा एकच देखावा दिसतो. शिक्षक पालकांची कानउघाडणी करतो, पालक माना डोलावतात, आणि घरी गेल्यावर सारे पूर्ववत चालू राहते. एखादी माता मात्र धीर करून विचारते, “गुरुजी, चुलीपुढं भाकऱ्या थापू, का पोराला धरून बसू?” या प्रश्नास उत्तर नसेल तर त्या सभेचा उपयोग काय? दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपण करून आलेल्या त्या बाईस तासभर उसंत मिळते ती मोबाइलमुळे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिला अपराधी ठरविले की ती पुढच्या सभेस येत नाही. आणि जिला सांगणे सर्वांत अगत्याचे, तीच दूर राहते.

भीती घालूनही कार्यभाग साधत नाही. ‘मोबाइलने मेंदू सडतो’ असे विधान पुष्कळदा ऐकू येते. शास्त्राने असे काही सिद्ध केलेले नाही. पडदा फार पाहणाऱ्या लहान मुलांत भाषा, झोप व एकाग्रता यांबाबत उणेपणा अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. परंतु त्यात पडद्याचा वाटा किती आणि घरच्या परिस्थितीचा किती, ही वाटणी सोपी नाही. शिक्षकाने एकदा अतिशयोक्ती केली आणि पालकाने शेजारचा मोबाइल पाहणारा पण हुशार मुलगा पुढे केला, की नंतरचे खरे बोलणेही फुकट जाते.

मग सांगावे काय? मेंदूची वाढ कशी होते एवढेच सांगावे, आणि तेही शेतकऱ्यास कळेल अशा भाषेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींना परस्परांशी जोडणारे दुवे गरजेपेक्षा कितीतरी अधिक निर्माण होतात. मागाहून त्यांची विरळणी होते. जे दुवे वारंवार वापरात येतात ते दृढ होतात. जे येत नाहीत ते गळून पडतात. बाजरी दाट उगवली तर कोणती रोपे ठेवावयाची हे शेतकरी ठरवितो. येथे ते पुष्कळ अंशी मुलाचा दिनक्रम ठरवितो. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे आकारमान प्रौढाच्या सुमारे नऊ दशांश होते. आवेग आवरणारा, धीर धरावयास लावणारा कपाळामागील भाग मात्र विशी उलटल्यावरही पक्व होत असतो. तेव्हा मोबाइल काढून घेताच आकांत करणारे मूल वाईट नसते. थांबणे त्याला अजून यावयाचे असते.

अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पालकांस अवश्य सांगावा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली. काही बाळांपुढे चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून त्यांच्याशी बोलली, खेळली, चित्रांची पुस्तके वाचती झाली; प्रत्येकी सुमारे पंचवीस मिनिटांच्या अशा बारा बैठकी झाल्या. त्या बाळांना चिनी ध्वनींतील सूक्ष्म भेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या गटास त्याच माणसांचे तेच बोलणे दूरदर्शनसंचावर तितकाच वेळ दाखविले. माणसे तीच, शब्द तेच. तरीही ही बाळे काहीच शिकली नाहीत! चिनी मुळीच न ऐकलेल्या बाळांच्या पुढे ती गेली नाहीत. बाळ हुंकारले की माणूस थांबतो, त्याच्याकडे पाहतो, उत्तर देतो. पडदा बाळाकडे पाहतच नाही.

त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. भाकरी थापताना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असते. मुलाच्या हाती पिठाचा गोळा द्यावा, भाकऱ्या मोजावयास लावाव्यात, आज रानात काय दिसले ते सांगावे. भाकरी करपली तरी चालेल, असेही एखाद्या शिक्षकाने सभेत विनोदाने म्हणण्यास हरकत नाही.

झोपेविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. अंधार पडू लागला की शरीरात झोपेस साहाय्य करणारा मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो. डोळ्यांजवळच्या पडद्याचा प्रकाश त्यास अडथळा करतो. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, म्हणून रात्री उशिरापर्यंत पाहणाऱ्या मुलाचे नुकसान दुसऱ्या दिवशी वर्गात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेली मर्यादा पालकांस सांगावी: वर्षाच्या आतील बाळास पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी फार तर एक तास, आणि त्याहून कमी तितका बरा.

एक गोष्ट मात्र शाळेनेच स्वतःपाशी कबूल करावयास हवी. २०२० च्या टाळेबंदीत मोबाइल अभ्यासाचे साधन म्हणून घरोघर पोचविला तो शाळांनीच. त्या वेळी दुसरा उपाय नव्हता. पण शाळा उघडल्यावरही रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपच्या गटावर गृहपाठ धाडणारे शिक्षक आहेत, आणि तेच पालकसभेत मोबाइल दूर ठेवण्याचा उपदेश करतात. पालक हे बोलून दाखवीत नाहीत, पण जाणतात.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली निराळा मार्ग धरला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शनसंच व मोबाइल दीड तास बंद ठेवावयाचे, असे ठरले. ठराव करून गाव स्वस्थ बसले नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन समजावीत राहिले. बंधन एकट्या मुलांवर नव्हते, मोठ्यांवरही होते, ही त्यातील मर्माची गोष्ट.

प्रत्येक गावास भोंगा बसविता येईल असे नाही. परंतु पालकसभा भर दुपारी न घेता मजूर रानातून परतल्यावर देवळात वा चावडीवर घेता येईल. मुलांना सोबत आणावयास सांगावे. आणि गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वीच फळ्यावर लिहून वहीत उतरवून द्यावा.