पुढच्या रांगेतले शिक्षणसेवक

नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोलीहून सकाळची पहिली गाडी पकडून तुम्ही शिक्षक बंधू-भगिनी इथे कर्जत-खालापुरात आला आहात. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, त्या याच मातीत.

आजचा विषय पगाराचा आहे. त्यावर बोलताना कुणी संकोच करू नये. आपला पगार शाळा ठरवत नाही, गाव ठरवत नाही, जिल्हा परिषदही ठरवत नाही. केंद्राचा वेतन आयोग बसतो, राज्य शासन तो आपल्या पद्धतीने स्वीकारतं आणि त्यातून वेतनश्रेणी येते. सातव्या आयोगाप्रमाणे 1 जानेवारी 2016 पासून प्राथमिक शिक्षकाची श्रेणी 29,200 रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. वर महागाई भत्ता आणि घरभाडे.

घरभाड्याचंच घ्या. या आयोगात सुरुवातीला दर लागले ते 24, 16 आणि 8 टक्के. तेव्हा मुंबईला 24, आपल्याला 8. म्हणजे त्याच मूळ वेतनावर तिकडे 7,008 रुपये मिळायचे आणि इकडे 2,336. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला येते, तिच्याबरोबर मुंबईकरांचे जागेचे भावही आले. भत्ता मात्र खेड्याचाच राहिला.

आणि या श्रेणीत पाऊल टाकण्याआधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची! ही पद्धत 2000 सालची. प्राथमिकचं मानधन कित्येक वर्षं 6,000 रुपयांवर अडून होतं. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं.

त्या सहा हजारांच्या काळात ठाकरवाडीच्या माझ्या शाळेवर मराठवाड्यातला एक मुलगा रुजू झाला. खिशात छोटी डायरी ठेवायचा. खोलीभाडं, किराणा, गावी पाठवलेले पैसे, टमटम. वीस तारखेनंतर टमटमचा रकाना कोरा असायचा. ते दहा दिवस तो चालत वाडीवर यायचा. ठाकरवाडीची पोरं ओढ्यापर्यंत त्याला घ्यायला जायची, पावसाळ्यात हात धरून पलीकडे आणायची. पहिलीच्या वर्गाला त्याने जे वाचायला शिकवलं, ते पूर्ण पगारी शिक्षकाचंच काम होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी मिळाली पाहिजे.

आज सभागृहात जे शिक्षणसेवक आहेत, त्यांना आम्ही मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं आहे. दुपारी वेतनावरचा ठराव येईल, तेव्हा आधी त्यांनी बोलावं, मग आम्ही.