कॅमेरा बदलावा की थांबावे?

कॅमेरा ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनाची नि सहलीची छायाचित्रे काढणारा एक तरी शिक्षक असतोच. आणि लग्नसराईत चार पैसे मिळवणारे हौशी तरुण तर आपल्या जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. यांतल्या पुष्कळांजवळ डिजिटल एस.एल.आर. जातीचा, पण पहिल्या पायरीचा कॅमेरा असतो. निकॉनचा डी ३३०० म्हणा, कॅननचा १२००डी म्हणा. हे दोन्ही २०१४ सालचे. नाहीतर त्यांचेच मागचेपुढचे भाऊबंद. दोनचार वर्षे तो हाताळला, की मनात एक किडा वळवळू लागतो. बॉडी बदलावी का? दुकानदार म्हणतो बदला, मित्र म्हणतो बदल, आणि घरातली माणसे म्हणतात, आहे तो काय वाईट आहे? या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, याविषयी आज थोडे बोलणार आहे.

मी इतिहासाचा अध्यापक. यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु शिलालेख आणि वीरगळ यांची छायाचित्रे घेण्याच्या निमित्ताने गेली पंधरा वर्षे कॅमेरा गळ्यात आहे, आणि विद्यार्थी त्यांची चित्रे घेऊन माझ्याकडे येतात. तेवढ्या शिदोरीवर हे बोलणे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. या कॅमेऱ्याचे दोन भाग असतात. एक मागची पेटी, तिला सगळे बॉडीच म्हणतात. आणि दुसरी पुढे बसवायची लेन्स. प्रकाश आत घेणे हे लेन्सचे काम. आत आलेल्या प्रकाशाची नोंद घेणे हे बॉडीतल्या सेन्सरचे काम. आता दाणेच हलके पडले तर जात्याला दोष देऊन पीठ वाढत नाही. म्हणून चित्र बिघडले, तर ते कुठे बिघडले हे आधी पाहावे लागते, आणि नेमके हेच पाहायचे राहून जाते.

माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. वडील यंत्रमागावर कामाला, मुलाने बी.ए. करता करता जुना डी ३३०० घेतला आणि बारसे, साखरपुडा, लहानसहान लग्ने अशी कामे धरली. एके दिवशी आला आणि म्हणाला, "सर, पतसंस्थेतून कर्ज काढतोय. मोठी बॉडी घ्यायची. माझे फोटो रात्री हलतात बघा." वडील जामीन शोधायला निघालेसुद्धा होते. मी म्हटले, "अरे, आधी हललेले फोटो तर दाखव." प्रत्येक डिजिटल चित्राच्या पोटात ते कसे काढले याची नोंद असते. ती उघडून पाहिली. बहुतेक ठिकाणी वेग सेकंदाचा पंधरावा भाग आणि भिंगाचे तोंड ५.६ वर. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स पुढे ओढल्यावर याहून जास्त उघडतच नाही. अक्षता टाकणारा हात सेकंदाच्या पंधराव्या भागात किती हलतो याचा विचार करा. मग तिथे कॅमेऱ्याने काय करावे?

आता थोडे गणित, पण घाबरू नका, सातवीचे आहे. लेन्सच्या अंतराला तोंडाच्या आकड्याने भागले, की तोंडाचा व्यास मिळतो. ५५ ला ५.६ ने भागा; जवळजवळ १० मिलिमीटर आले, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे भोक. आता ५० मिलिमीटरची, १.८ पर्यंत उघडणारी साधी लेन्स घ्या. ५० भागिले १.८, सुमारे २८ मिलिमीटर. म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढे तोंड. बटण आणि नाणे शेजारी ठेवून पाहा. आत येणारा प्रकाश पावणेदहा पट होतो. पंधराव्या भागाच्या जागी सव्वाशेव्या भागाहूनही अधिक वेग मिळतो, आणि अक्षता टाकणारा हात जागच्या जागी थांबतो.

आता याच पैशांच्या कितीतरी पट खर्च करून बॉडी बदलली तर काय मिळते? निकॉनच्या वरच्या पायरीच्या डी ७२०० या बॉडीतला सेन्सर आकाराने डी ३३०० एवढाच, २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, आणि चित्रही दोघांचे २४ मेगापिक्सेलचे. म्हणजे अंधारात पडणारे दाणे जवळपास तेच. त्याहून वर जाऊन ३६ गुणिले २४ चा, ज्याला फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर घेतला, तर क्षेत्रफळ २.३ पट होते. तेवढाच फायदा धरा. एकीकडे पावणेदहा पट, दुसरीकडे सव्वादोन पट. आणि खर्चाचे प्रमाण मात्र नेमके उलटे. शिवाय फुल फ्रेमवर जुनी लहान सेन्सरसाठी केलेली लेन्स चढवली, तर निकॉनची २४ मेगापिक्सेलची बॉडी सेन्सरचा मधला भाग तेवढा वापरते आणि हातात जेमतेम १० मेगापिक्सेल ठेवते. हे गिऱ्हाईकाला काउंटरवर कोणी सांगत नाही.

लेन्स घेतानाही एक खोच आहे. निकॉनच्या ५० मिलिमीटरमध्ये 'डी' आणि 'जी' असे दोन प्रकार मिळतात. 'डी' स्वस्त, म्हणून मन तिकडे ओढते. पण तिच्यात फोकस फिरवणारी मोटर नसते. ती बॉडीत असावी लागते, आणि डी ३३०० च्या जातीच्या बॉडीत ती नाही. तेव्हा फोकस हाताने फिरवत बसावे लागेल, आणि नवरी तोवर बोहल्यावरून उतरेल. 'एएफ-एस जी' घ्यावी. कॅननवाल्यांना ही चिंता नाही. १९८७ पासून त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते.

अर्थात १.८ हा काही रामबाण नव्हे. तोंड इतके उघडले की नवरदेवाचे डोळे स्पष्ट आणि मागचा मामा धूसर, असे होते. घरच्यांचा मोठा गट उभा केला तर ५.६ किंवा ८ वरच यावे लागते. तिथे बाहेरून बसवायचा फ्लॅश हवा. तो समोरून डोळ्यांवर न मारता छताकडे मारावा, असे पुस्तकांत असते. आपल्याकडच्या मांडवाला छत असते ते लाल-पिवळ्या कापडाचे! त्यावरून परतलेला उजेड सगळ्या वऱ्हाडाला हळद लावून जातो. तेव्हा कापड पांढरे असेल तरच वर, नाहीतर फ्लॅशला पांढरी टोपी. असो.

लग्नाव्यतिरिक्त आपल्या भागात कॅमेऱ्याला आणखी काम कोणते? माझ्या आवडीचे आधी सांगतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. असा झिजलेला लेख टिपायला कोणती बॉडी लागते? कोणतीही चालते! लागतो तो तिरपा उजेड. भर दुपारी समोरून काढलेल्या चित्रात अक्षर दिसणार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन कडेने येते, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून दिसते. गाभाऱ्याच्या अंधारात हेच काम साध्या विजेरीने होते. विजेरी बाजूने, दगडाला जवळजवळ घासून धरायची. कॅमेरा तिकाटण्यावर, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. दगड काही हलत नाही. वाटेल तितका वेळ घ्या. डी ३३०० चे चित्र ६००० गुणिले ४००० बिंदूंचे. इंचाला ३०० बिंदूंनी छापले तरी २० इंच रुंद होते. कॅनन १२००डी चे १७ इंचांवर जाते. शाळेच्या हस्तलिखिताला आणि भित्तीपत्रकाला याहून मोठे काय करायचे आहे?

सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाचेही तसेच. तिकाटणे, आयएसओ १००, पडदा तीनचार सेकंद उघडा. पहिल्या पायरीचा कॅमेरा हे काम उत्तम करतो. त्याच यात्रेतले सात नंदीध्वज रात्री दिव्यांच्या उजेडात डुलत येतात, तिथे मात्र दहा रुपयांचे ते नाणे पुन्हा उपयोगी पडते.

आता बॉडीचा खरा प्रश्न कुठे येतो ते पाहू. नान्नजच्या माळावर चला. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झालेले हे अभयारण्य. माळढोक आता तिथे मोठ्या भाग्यानेच दिसेल, पण काळविटांचे कळप आहेत. काळवीट उधळले की लहान बॉडीची अडचण कळते. डी ३३०० मध्ये फोकस धरणारे बिंदू ११, डी ७२०० मध्ये ५१. गवतातून आडव्या धावणाऱ्या जनावराला ११ बिंदूंत पकडून ठेवणे कठीण. ५१ मध्ये ते एका बिंदूतून सुटले तर दुसऱ्यात सापडते. इथे बॉडीचे पैसे वाजवी आहेत. पण आधी लांब पल्ल्याची लेन्स हवी, हे विसरू नका. शिवाय उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर माळावर जी वाफ थरथरते, तिच्यातून काढलेले चित्र जगातल्या सर्वांत महाग कॅमेऱ्यानेही पाणावलेलेच येते. त्याला उपाय एकच, पहाटे उठणे.

आणि धूळ! आकाशात काळे ठिपके दिसू लागले म्हणून कॅमेरा विकायला काढलेले दोघे मला ठाऊक आहेत. ठिपके सेन्सरवर बसलेल्या मातीचे होते. भिंगाचे तोंड १६ वर ठेवून स्वच्छ आभाळाचे एक चित्र काढा, लगेच कळेल. जाणकाराकडून सफाई करून घ्यावी. आणि वाऱ्यात उभे राहून लेन्स बदलू नये.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे आपण मनात म्हणत असाल. त्याने कर्ज काढले नाही. पन्नासची लेन्स आणि फ्लॅश घेतला, आणि हललेल्या चित्रांची तक्रार संपली. एक लग्नसराई पार पडल्यावर तो पुन्हा बॉडीचे विचारायला आला. आणि या वेळी मी हो म्हटले. कारण वेगळे होते. आता तो लोकांचे पैसे घेऊन पूर्ण लग्न अंगावर घेत होता. डी ३३०० मध्ये कार्ड एकच बसते. ते कार्ड बिघडले तर? मुंडावळ्या पुन्हा बांधता येतात, पण ती वेळ, तो आजा, ती आजी पुन्हा कुठून आणणार? डी ७२०० मध्ये दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक चित्र दोन्हींवर उतरवता येते. माझ्या मते पैसे घेऊन काम करणाऱ्याने बॉडी बदलण्याचे हे पहिल्या नंबरचे कारण आहे. आणि जुनी बॉडी विकायची नाही. ती पिशवीत राखीव ठेवायची. ऐन मंगलाष्टकांत नवीन कॅमेरा रुसला, तर तीच लाज राखते.

हौशी माणसाने मात्र स्वतःला एवढेच विचारावे, की गेल्या वर्षभरात बॉडीमुळे हुकलेली चित्रे किती? त्यांची नावे सांगता आली पाहिजेत. शाळेच्या संमेलनात मुले काळपट आली, हा लेन्सचा दोष. धावण्याच्या शर्यतीत दर वेळी फोकस मागच्या कुंपणावर गेला, हा कदाचित बॉडीचा. चित्र बरे आहे, पण शेजाऱ्याचा कॅमेरा मोठा आहे, याला औषध नाही.

घेणे ठरलेच, तर नवे की जुने? निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०१८ साली बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांची नवी मालिका काढली, आणि २०२० नंतर आरशाची नवी बॉडी दोघांचीही आलेली नाही. म्हणून आरशाच्या चांगल्या बॉड्या जुन्या बाजारात उतरत्या भावात मिळतात, आणि त्यांना लागणाऱ्या लेन्सही. ज्याच्याकडे आधीच दोनतीन लेन्स आहेत, त्याला हा रस्ता स्वस्त. अगदी कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्याने मिररलेसचा विचार करावा. मधला मार्गही आहे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स एक जोड बसवून नव्या बॉडीवर नीट चालतात. निकॉनच्या जोडावर 'एएफ-एस' चालतात. ती स्वस्तातली 'डी' तिथेही हातानेच फिरवावी लागते.

जुनी बॉडी घेताना पडदा किती वेळा उघडझाप झाला हे विचारावे. डी ३३०० चा पडदा एक लाखाच्या, डी ७२०० चा दीड लाखाच्या कसोटीला उतरवलेला आहे. निकॉन ही मोजणी चित्राच्या नोंदीतच लिहून ठेवतो. तिथेच एक चित्र काढून संगणकावर पाहावी. विकणाऱ्याचे तोंडी उत्तर नेहमी "फार वापरला नाही" असेच असते. आणि शक्य असेल तर आधी एका कार्यापुरती ती बॉडी स्टुडिओतून भाड्याने आणा. स्वतःच्या हातात, स्वतःच्या लेन्सवर, रात्रीच्या मांडवात ती काय देते ते पाहा, मग पैसे मोजा.

ज्यांना राखीव बॉडीची गरज नाही, त्यांनी जुना कॅमेरा मातीमोल भावाने विकण्यापेक्षा आपल्या गावच्या शाळेला द्यावा, अशी माझी विनंती आहे. सातवी-आठवीची मुले तो आठवड्यात शिकतात. मात्र देताना त्याबरोबर चार्जर, एक कार्ड आणि ती १८-५५ ची लेन्सही द्या. नुसती बॉडी दिली, तर मुख्याध्यापक ती कपाटात ठेवून कुलूप लावतील.