बर्फाचे टायर आणि गाडीचा धनी



बाहेर वैशाखाचा उकाडा आहे, मंडपातले पंखे गरम वारा घालीत आहेत, आणि आम्ही आपणांपुढे बर्फावर बोलायला उभे आहोत. विषयपत्रिका वाचून एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, “अहो, आपल्या गावात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. त्यात मोटारीचे टायर कोठून आणलेत?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या अखेरीस द्यावे, असा आमचा विचार आहे.

आमचे शालेय शिक्षण सातवीवर थांबले. पुढची शाळा म्हणजे गॅरेज. ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, मग चालक झालो आणि गेली पंचवीस-तीस वर्षे मोटार कामगारांच्या संघटनेचे काम करीत आहोत. टायर हा पदार्थ आम्हांला ठाऊक आहे असे आम्ही समजत होतो. तो समज किती अपुरा होता, हे काही वर्षांपूर्वी परदेशी गेल्यावर कळले.

आमचा पुतण्या जर्मनीत स्टुटगार्टला अभियंता आहे. त्याच्याकडे ऑक्टोबरच्या अखेरीस राहण्याचा योग आला. एका शनिवारी सकाळी तो तळघरातून चार चाके ओढीत अंगणात आला आणि गाडीला जॅक लावू लागला. आम्ही पाहिले, तर गाडीवरचे टायर नवेकोरे होते. आम्ही म्हणालो, “अरे, यांची नक्षी अजून झिजलेली नाही. हे काढतोस कशाला?” तो म्हणाला, “काका, ते उन्हाळ्याचे आहेत.”

टायरला उन्हाळा-हिवाळा असतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. पावसाळा आला की आपण चामड्याच्या वहाणा माळ्यावर टाकतो आणि रबरी चपला काढतो, तसाच हा प्रकार. त्या लोकांत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा आडाखाच रूढ आहे. तेवढे महिने हिवाळी टायर, एरवी उन्हाळी.

हे का करावे लागते, ते आधी समजून घेऊ. दीड टनाच्या आसपास वजनाची मोटार जमिनीला किती जागी टेकलेली असते? चार टायर, आणि प्रत्येकाची जमिनीला लागणारी जागा जेमतेम एका पोस्टकार्डाएवढी. इंजिन कितीही ताकदीचे असो, ब्रेक कितीही उत्तम असो, त्यांचा हुकूम रस्त्यापर्यंत पोचतो तो या चार पोस्टकार्डांमार्फत.

आता थोडा हिशेब. गाडी ताशी ५० कि.मी. वेगाने चालली आहे आणि चालकाने ब्रेक दाबला. कोरड्या डांबरावर घर्षणाचा अंक सुमारे ०.८ धरला, तर गाडी १२-१३ मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो अंक ०.२ धरा, तीच गाडी सुमारे ५० मीटर जाते. काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१ धरा, जवळजवळ १०० मीटर! यात चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेलेच नाही. ‘कसलेला चालक असला की निभावते’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. कसब चालकाच्या हातात असते; घर्षण त्याच्या हातात नसते.

हे घर्षण वाढवायचे कसे? येथे रबराचा गुण पुढे येतो. थंडीत आपल्या घरची खोबरेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात ठेवावी लागते. त्याच फळीवरचे तिळाचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही तेलेच, परंतु थंडी सोसण्याची ताकद वेगळी. टायरच्या रबराचेही तसेच आहे. उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावे म्हणून घट्ट केलेले असते. थंडी पडली की ते कडक होते आणि रस्त्याच्या बारीक उंचवट्यांना बिलगेनासे होते. हिवाळी टायरचे मिश्रण निराळे असते. त्यात सिलिका घालतात, नैसर्गिक रबराचे प्रमाण बहुधा जास्त ठेवतात, आणि ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहते. पारा ७ अंशांच्या खाली जाऊ लागला की टायर बदला, असा ढोबळ नियम तिकडे सांगतात. उलट, हेच हिवाळी टायर उन्हाळ्यात ठेवले तर रबर फार मऊ पडते, भराभर झिजते आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. म्हणून ईस्टरनंतर पुन्हा बदल.

दुसरा भाग नक्षीचा. हिवाळी टायरच्या खाचा खोल आणि रुंद असतात, आणि त्यांच्या मधल्या ठोकळ्यांवर सुरीने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. खाचांत बर्फ दाबून बसतो, तो वाया जात नाही. बर्फावर रबर जितके धरते, त्याहून बर्फावर बर्फ चांगला धरतो.

या टायरचा जन्म कोणासाठी झाला, हे ऐकून आम्हांला विशेष आनंद झाला. १९३४ साली फिनलंडमधील नोकिया गावच्या रबर कारखान्याने हिमासाठी जो पहिला टायर काढला, तो ट्रकसाठी होता. तिकडचे रस्ते तेव्हा हिवाळ्यात नीट साफ होत नसत आणि माल तर पोचवावा लागे. मोटारींसाठीचा ‘हक्कापेलिट्टा’ त्यानंतर दोन वर्षांनी, १९३६ साली आला. सुखवस्तूंची मोटार येथे कष्टकऱ्यांच्या ट्रकची ऋणी आहे.

आता त्या अंगणात परत येऊ. पुतण्याला आम्ही म्हटले, “बाजूला हो, हे काम आमचे.” शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहत. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती आणि आमची त्यांना. परंतु पान्याची भाषा दोघांनाही येत होती. ते आपली हत्यारे घेऊन आले.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे आणि मगच जॅक, तोही गाडीखाली खूण केलेल्या जागीच. चाक निघाले की ते ज्या तबकडीवर बसते ती तारेच्या ब्रशाने घासायची. गंज राहिला तर चाक सरळ बसत नाही आणि बोल्ट पुढे ढिले पडतात. नवे चाक लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या. खाचांची खोली : जर्मन कायद्याला १.६ मि.मी. चालते, पण जाणकार ४ मि.मी.च्या खाली हिवाळी टायर वापरू नका म्हणतात. आणि शेजारच्या ऑस्ट्रियात तर ४ मि.मी.हून कमी असलेला टायर कायद्याने हिवाळी टायर मानलाच जात नाही. टायरचे वय : बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिसरी गोष्ट फिरण्याची दिशा : बाजूवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेला आला पाहिजे.

मग बोल्ट हातानेच फिरवून बसवायचे, पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, गाडी खाली घ्यायची आणि शेवटचा पीळ मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच द्यायचा. आपल्याकडे पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची रीत आहे. आम्ही सवयीने पाय उचलला, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी हसत हसत आमचा दंड धरला. पन्नास-शंभर कि.मी. गाडी चालली की बोल्ट पुन्हा एकदा तपासायचे. काढलेल्या चाकांवर खडूने ‘पुढचे डावे’, ‘मागचे उजवे’ असे लिहून ती थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवायची. हवेचा दाब थंडीत पुन्हा पाहायचा, कारण पारा ३० अंशांनी उतरला की सुमारे पाच पौंड हवा आपोआप कमी दिसते.

आणि टायर बदलायचे ते चारही. दोनच बदलले तर गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे घसरते. चारही चाकांना जोर देणारी गाडी असली तरी सुटका नाही. ती बर्फातून निघायला मदत करते, थांबायला करीत नाही. आपल्या हिमालयात चालक बर्फात चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. खोल बर्फात आणि चढावर त्या मोलाच्या आहेत. पण त्या बांधून गाडी हळूच चालवावी लागते आणि मोकळा रस्ता लागला की उतरवाव्या लागतात.

काम आटोपल्यावर चहा घेताना आम्ही पुतण्याला विचारले, “चार टायर म्हणजे बराच खर्च. तुझ्या पगारातून?” तो म्हणाला, “नाही काका. गाडी कंपनीच्या नावावर आहे. टायर कंपनीनेच दिले. नाही दिले तर दंड त्यांनाही होतो.”

बंधुभगिनींनो, त्या एका वाक्यावर आम्ही रात्रभर विचार करीत राहिलो, आणि मग तिकडच्या कायद्याचा इतिहास विचारून घेतला. जर्मनीत २००६ साली नियम झाला की, वाहनाची साधने, विशेषतः टायर, हवामानाला योग्य असावेत. योग्य म्हणजे काय, हे सांगितलेले नव्हते. दंड झालेल्या एका चालकाच्या प्रकरणात ओल्डेनबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१० साली ठरवले की, इतका मोघम नियम घटनेला धरून नाही. त्याच वर्षी डिसेंबरात नियम स्पष्ट झाला : रस्त्यावर बर्फ, दहिवराचा थर किंवा बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायर हवेतच. २०१८ पासून बनलेल्या टायरवर पर्वत आणि हिमकण यांचे चिन्ह आवश्यक झाले. ते चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळते. अवजड वाहनांना आधी फक्त ओढणाऱ्या चाकांवर सक्ती होती. जुलै २०२० पासून पुढच्या चाकांवरही आली. आणि मुख्य गोष्ट : २०१७ पासून, अशा टायरांवाचून गाडी बाहेर काढायला सांगणारा किंवा काढू देणारा धनीही दोषी ठरतो. चालकाला दंड ६० युरो, धन्याला ७५.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर. २००३ च्या जुलैत सह्याद्रीतल्या एका घाटात आमच्या संघटनेच्या एका सभासदाचा ट्रक ओल्या वळणावर घसरून कठड्यावर आदळला. चालक वाचला. क्लीनर एकोणीस वर्षांचा पोर होता, तो गेला. आम्ही दुपारी तेथे पोचलो, तेव्हा पाऊस चालूच होता. मागच्या टायरांवरून आम्ही हात फिरवला, तर पाटीसारखे गुळगुळीत. चालकाने धन्याला तीनदा सांगितले होते. तीनही वेळा तोंडी. पंचनाम्यात शब्द पडले, ‘चालकाचा हलगर्जीपणा’. चालकाचे काम गेले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली त्या पोराच्या आईला काही रक्कम मिळवून दिली आणि आपण विजय मिळवला असे आम्हांला वाटले.

परदेशाहून परतल्यावर आम्ही आपलाच १९८८ चा मोटार वाहन कायदा पुन्हा उघडून बसलो. त्यातले १९० वे कलम असे आहे की, धोकादायक दोष असलेले वाहन जो चालवतो तोच नव्हे, तर जो ते चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही शिक्षेस पात्र; मात्र तो दोष त्याला माहीत असला पाहिजे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळण्याजोगा असला पाहिजे. म्हणजे जे पाहायला आम्ही जर्मनीला गेलो, ते आमच्या कपाटात होते. २००३ साली आम्ही ते कलम वाचलेले नव्हते. त्या काळच्या आमच्या मागणीपत्रकात भत्ता होता, बोनस होता, गणवेश होता, टायर नव्हता. धन्याला दोष देणे सोपे आहे. हा दोष आमचा आहे आणि तो आम्ही या व्यासपीठावरून कबूल करतो.

आज आमच्या संघटनेचा चालक पावसाळ्यापूर्वी टायरची खोली मोजून कागदावर लिहितो आणि त्याच्या प्रतीवर धन्याची सही घेतो. सही दिली नाही तर टपालाने नोंदवून पाठवतो. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कागदावरची तक्रार, ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य बंद करते. या कागदापायी काहींची नोकरी धोक्यात आली, हेही खरे. परंतु काही धन्यांनी मे महिन्यातच टायर बदलले, हेही तितकेच खरे.

आपल्या घाटांत हिम पडत नाही. पण पहिल्या पावसात धूळ आणि तेल भिजून रस्त्यावर जो थर होतो, तो बर्फाचा धाकटा भाऊच आहे. पाऊस महिन्यावर आला आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या दारी गाडी असेल आणि ती चालवायला पगारी माणूस असेल. आज घरी गेल्यावर तिच्या चारही टायरांवरून, आणि स्टेपनीवरूनही, एकदा हात फिरवून पाहा. गाडी ज्याच्या नावावर, टायरही त्याच्याच नावावर आहेत.