सोनापूर : मुंबईच्या विस्मृत दफनभूमीचा शोध

जुन्या गिरगावकराच्या बोलण्यात ‘सोनापूर’ हा शब्द आला की त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे. ‘तो सोनापूरला गेला’, एवढे पुरे होते. मरणाने देहाचे सोने होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आज मरीन लाइन्स स्थानकावर उतरणाऱ्याला चंदनवाडीची स्मशानभूमी आणि तेथील मुस्लिम कब्रस्तान ठाऊक असते. परंतु याच पट्ट्यात इंग्रजांची दफनभूमीही होती, याची जाणीव फार थोड्यांना आहे.

इंग्रजांचे मूळ दफनस्थान आजच्या लायन गेटच्या परिसरात, मेंढॅम्स पॉइंट येथे होते. तेथे प्रथम पुरलेल्या माणसाचेच नाव त्या जागेला पडले, असे म्हणतात. दोन पावसाळे हेच मुंबईतल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य, अशी म्हण सतराव्या शतकातच रूढ झाली होती. त्यावरून त्या जागी किती गर्दी झाली असेल याची कल्पना करावी. १७६०नंतरच्या दशकात हे दफनस्थान किल्ल्याबाहेर सोनापूरला आले. पुढे शहर वाढले आणि गावाबाहेरची जागा गावाच्या मध्यात आली.

मग वाद उभा राहिला. सोनापूरची हिंदू स्मशानभूमी शिवडीला हलवावी, असा सरकारी बेत होता. गिरगावातून शिवडीपर्यंत तिरडी खांद्यावरून न्यायची म्हणजे काय, हे साहेबाला कळण्यासारखे नव्हते! रेल्वे आणि शिक्षणाच्या संदर्भात ज्यांचे नाव आपण घेतो, त्या नाना शंकरशेट यांनी लोकमत संघटित करून तो बेत हाणून पाडला. चंदनवाडी आज जागेवर आहे ती त्यामुळे. ख्रिस्ती दफनभूमी मात्र १८६५मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीत शिवडीला सुरू झाली. सोनापूरच्या इंग्रजी कबरी मागे पडल्या, आणि यथावकाश विस्मृतीत गेल्या.

अशा भूमीचा पुरातत्त्वीय अभ्यास म्हणजे उत्खनन नव्हे. थडग्यावरचे नाव, वय, हुद्दा, दगडाची जात, अक्षरांची घडण, रांगांची मांडणी यांतून एका वस्तीचा आजार, व्यापार आणि दर्जा वाचता येतो. हिंदू स्मशानात अग्नी असे काही मागे ठेवीत नाही. तेथे अर्ज, सरकारी पत्रव्यवहार आणि मृत्यूच्या नोंदवह्या हेच अवशेष. अपवाद संन्याशांचा. अग्नीचा त्याग केलेल्या संन्याशाला अग्नी देत नाहीत. वाळकेश्वरला बाणगंगेजवळ दशनामी गोसाव्यांच्या समाध्या याच कारणाने आहेत. तीर्थावर येणारा भाविक त्यांच्याजवळून जातो, थांबतो क्वचितच.

थिऑन विल्किन्सन या इंग्रज गृहस्थांनी १९७६मध्ये भारतातील युरोपीयांच्या जीवन-मरणावर पुस्तक लिहिले, त्याला त्या दोन पावसाळ्यांचेच नाव दिले. दक्षिण आशियातील आपल्या लोकांच्या थडग्यांची नोंद करणारी संस्थाही त्यांनी उभारली. राज्य गेले तरी त्यांनी आपले मृत मोजले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आपली स्थिती कशी होती? टिळकांचे निकटचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, मुंबईचे महापौर काका बॅप्टिस्टा १९३०मध्ये निवर्तले आणि शिवडीत विसावले. स्वराज्यासाठी झटलेल्या या माणसाचे थडगे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले.

बाणगंगेच्या समाध्यांना हे टाळता येईल. त्यासाठी कुदळ लागत नाही. गोसावी समाजाची संमती, मोजपट्टी, नकाशाचा कागद आणि सकाळच्या तिरक्या उन्हात काढलेली छायाचित्रे पुरेत. झिजलेली अक्षरे त्याच उन्हात उठून दिसतात. मात्र दगड स्वच्छ दिसावा म्हणून कोणी श्रद्धेने ऑइलपेंट फासू नये. लेख बुजतो. आधी नोंद, मग डागडुजी, आणि तीही पुरातत्त्व खात्याला विचारून. काम पावसाळ्यापूर्वी आटोपलेले बरे.