मर्म म्हणजे जपण्याची जागा

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. दिवसभर काउंटरवर बसून मान आखडते, मनगट दुखते, म्हणून मर्मचिकित्सा आणि मालिश या विषयाकडे वळलो. पुस्तके वाचली, जाणकारांना विचारले आणि एक मोठी चूकही केली. ती चूक सांगण्यासाठीच आज उभा आहे.

मर्म म्हणजे काय? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायात याचे सविस्तर वर्णन आहे. मांस, शिरा, स्नायू, अस्थी आणि संधी जेथे एकत्र येतात, जेथे प्राणाचे विशेष वास्तव्य असते, ते मर्म. अशी मर्मे 107 सांगितली आहेत. हातापायांत मिळून 44, पोट व छातीवर 12, पाठीवर 14 आणि मान व डोक्यावर 37. त्यांचे मोजमाप ज्याच्या त्याच्या बोटांच्या रुंदीने करायचे. तळहाताच्या व तळपायाच्या मध्यभागी तलहृदय, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात क्षिप्र, मनगटात मणिबंध, पोटरीच्या मध्यावर इंद्रबस्ती, दोन भुवयांच्या मध्ये स्थपनी, कानशिलावर शंख. नावे संस्कृत असली तरी जागा आपल्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

आता खरी महत्त्वाची गोष्ट ऐका. सुश्रुताने ही यादी कशासाठी दिली? दाबण्यासाठी नव्हे, तर जपण्यासाठी! तो शल्यचिकित्सेचा ग्रंथ आहे. शस्त्र चालवणाऱ्याने कोणत्या जागा टाळाव्यात, कोठे घाव बसला तर काय होते, हे त्यात सांगितले आहे. मर्मांचे ज्ञान म्हणजे निम्मे शल्यशास्त्र, असे त्याचे म्हणणे. घाव बसल्यास तात्काळ प्राण घेणारी मर्मे 19, काही काळाने प्राण घेणारी 33, आत रुतलेले शल्य उपटल्यास प्राण घेणारी 3, अपंगत्व आणणारी 44 आणि तीव्र वेदना देणारी 8. बेरीज करून पाहा, बरोबर 107 भरते. बँकवाल्याला बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही!

या जागांवर तेल लावून, ठराविक दाब देऊन उपचार करण्याची पद्धत पुढे केरळात कळरीपयट्टू शिकविणाऱ्या गुरूंच्या परंपरेत विशेष वाढली. झुंजीत मर्मावर मार बसायचा, म्हणून त्यावरचा उपायही त्याच गुरूला यावा लागे. पावसाळ्यात अंगाला तेल लावून करण्याचे तिकडचे मर्दन प्रसिद्ध आहे. तामिळनाडूच्या सिद्ध वैद्यकात या जागांना वर्मम म्हणतात आणि त्या 108 मोजतात. दोन्हीकडे शिष्याला गुरूच्या हाताखाली बरीच वर्षे काढावी लागत. भिंतीवरचा तक्ता पाहून ही विद्या येत नाही.

मित्रहो, आपल्या घरांतही हाताची विद्या होती. माझी आजी गावात सुईणपण करीत असे. बाळाला न्हाऊ घालणे, बाळंतिणीचे अंग चोळणे यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ज्या वाड्यावर तिला रात्री-अपरात्री बोलावणे येई, त्याच वाड्यावर काम उरकल्यानंतर तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. तिचे हात चालत, पण तिने तांब्याला शिवलेले चालत नसे. हे तिने आम्हांला रडून कधी सांगितले नाही, पण विसरलीही नाही. अक्षरओळख नसलेली ही बाई चोळण्याआधी हाताची उलटी बाजू अंगाला लावून पाही. गरम लागले तर म्हणे, "अंग ऊन लागतंय, आज चोळायचं नाही." आणि तेलाची वाटी बाजूला ठेवून देई.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ते कित्येक आठवडे अंथरुणावर होते. एके दिवशी त्यांची डावी पोटरी दुखू लागली. मी नुकताच मर्मांचा एक तक्ता विकत आणला होता. इंद्रबस्ती मर्म शोधले, तेल गरम केले आणि अंगठ्याने दाब द्यायला सुरुवात केली. बाबा कळवळत होते, आणि मी म्हणत होतो, "दुखतंय म्हणजे गुण येतोय." तेवढ्यात शेजारच्या चाळीतल्या परिचारिका ताई भेटायला आल्या. त्यांनी दोन्ही पाय पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, हात काढा आधी! एकच पाय सुजलाय, आणि गरम आहे. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

सोनोग्राफीत निघाले की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. अशी गुठळी चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस पाहता पाहता जातो, असे डॉक्टरांनी सांगितले. औषधाने बाबा वाचले. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना मला आजी आठवली. बाबा तिचाच मुलगा. तिने एका हाताच्या स्पर्शात जे ओळखले असते, ते पदवी आणि तक्ता जवळ असून मला ओळखता आले नाही.

म्हणून माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एकच पाय सुजला असेल, लाल किंवा गरम असेल, तर चोळू नका. छातीत दुखून कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मर्म दाबण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठा. ताप, ताजी जखम, मोडलेले हाड असताना मालिश नको. गरोदर भगिनीचे पोट व पाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबू नयेत. आणि तरुण मित्रांनो, सलूनमध्ये कटकन मान मोडून घेण्याची सवय सोडा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. सुश्रुतानेही नीला, मन्या, कृकाटिका ही मर्मे मानेतच सांगितली आहेत.

मग मालिश सोडूनच द्यायची काय? मुळीच नाही. वाग्भटाने रोज अभ्यंग करावा, त्यातही डोके, कान आणि पाय यांना विशेष तेल लावावे, असे सांगितले आहे. थंडीत कोमट तिळाचे तेल, उन्हाळ्यात खोबरेल. रात्री तळपायाला तेल लावून मध्यभागी अंगठ्याने हलका दाब द्या. लिहून-मोजून हात दुखत असेल तर अंगठ्याच्या बेचक्यात मिनिटभर हळूहळू दाबा. कानशिलावर फक्त बोटांची टोके फिरवा, जोर नको. नखे कापलेली असावीत. डोळे आपल्या हाताकडे नव्हे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे असावेत. त्याचा श्वास अडला की दाब जास्त झाला असे समजा. तुपाचे बोट लावून काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची आपली जुनी रीतही चांगली आहे. मात्र घरात मधुमेही असतील तर जपा. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. कातडे सोलले तरी त्यांना कळत नाही आणि छोटी जखम मोठी होऊन बसते.

याने मधुमेह जाईल, हृदयाचा अडथळा निघेल असे सांगून शेकडो रुपये घेणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आखडलेले अंग मोकळे होणे, झोप लागणे, दुखण्याला थोडा उतार पडणे, एवढे मालिशने मिळते. तेवढेही कमी नाही.

बाबा आज काठी घेऊन चालतात. रोज रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावतो. पण आधी दोन्ही पोटऱ्यांना हाताची उलटी बाजू लावून पाहतो. आजीने दिलेला हा वारसा आहे आणि तो मी माझ्या मुलीलाही शिकवला आहे. आपणही तो आपापल्या घरी न्यावा, एवढेच सांगून माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम!