बेडरूमला दुसरा एसी, पण वीज कुठून?

आज एसीवर बोलायचंय. घरातल्या नाही, चाकांवरच्या घरातल्या एसीवर.

आम्ही अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. मी, नवरा आणि त्याचा कॉलेजचा एक मित्र, अशा तिघांनी मिळून एक जुनी मोटरहोम घेतलीय. ३० फुटी. पुढे ड्रायव्हर, मध्ये ओटा आणि बसायची जागा, सगळ्यात मागे बेडरूम. बेडरूम म्हणजे काय, तर एक पलंग आणि त्याच्या बाजूनं आडवं होऊन सरकता येईल एवढी फट. एसी एकच, मधल्या भागात, छतावर.

जूनमध्ये सोलापूरहून आई-बाबा येणार होते. आता सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक कोण सांगणार? पण फिनिक्सचं ऊन वेगळंच आहे. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर गेला होता. आणि रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. बाबांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवसा काय हिंडायचं ते हिंडा, पण झोप थंडाव्यात झाली पाहिजे. त्यामुळे मागच्या खोलीत दुसरा एसी, हे आमच्यासाठी चैनीचं काम नव्हतं.

मी फोनवर बाबांना उत्साहानं मॉडेलं वाचून दाखवत होते. बाबांची अख्खी नोकरी वीज मंडळात गेलीय. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, "अगं, एसी नंतर. लोड किती मंजूर आहे ते सांग आधी."

आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचाच आहे म्हणा ना.

अमेरिकेत मोटरहोम दोन प्रकारच्या असतात, ३० अँपवाल्या आणि ५० अँपवाल्या. आमची ३० अँपची. इथे व्होल्टेज १२०, म्हणजे ३० गुणिले १२०, एकूण ३,६०० वॉट. आता आपल्या घरातला गीझरचा प्लग आठवा. १६ अँप, २३० व्होल्ट, म्हणजे ३,६८० वॉट. कळतंय का? सोलापूरच्या बाथरूममधल्या एका प्लगवर जेवढी वीज मिळते, त्याहून कमी विजेत आमची पूर्ण गाडी चालते. ५० अँपच्या गाडीत मात्र १२० व्होल्टच्या दोन लाइन येतात, प्रत्येकी ५० अँपच्या. एकूण १२,००० वॉट. आकडा ३० चा ५० होतो, वीज तिपटीहून जास्त होते. तुमची गाडी ५० ची असेल तर निम्मी डोकेदुखी संपली. आणि अडॅप्टर लावून ३० ची गाडी ५० च्या सॉकेटला जोडली, तरी गाडीतला मुख्य ब्रेकर ३० चाच राहतो. अडॅप्टरनं पिनांचा आकार बदलतो, बाकी काही नाही.

शिवाय तासन्‌तास चालणारा लोड ब्रेकरच्या ८० टक्क्यांत ठेवायचा असतो. म्हणजे हातात २४ अँप. आमचा मधला एसी १३,५०० बीटीयूचा. आपल्या भाषेत सव्वा टनाच्या थोडा खाली, कारण १ टन म्हणजे १२,००० बीटीयू. तो चालताना साधारण १३ अँप घेतो. फ्रिज आणि बॅटरीचा चार्जर मिळून सात-आठ. झाले की २१. आता आईनं चहासाठी दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की आणखी १२-१३. खट्‌! अंधार. यात दुसरा १३ अँपचा एसी कुठे बसवणार? वर कॉम्प्रेसर सुरू होताना एक क्षणभर कितीतरी पट जास्त करंट ओढतो, तो वेगळाच.

पण विकत घेण्याआधी मी एक साधी गोष्ट तपासली, आणि तुम्हीही तपासा. बेडरूम गरम का राहते? आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट मधल्या भागात आहे. मधला भाग थंड झाला की तो म्हणतो, झालं काम, आणि कॉम्प्रेसर बंद. मागे खोली भट्टीसारखी. आमच्या ऑफिसात असं नेहमी होतं, डॅशबोर्ड सगळा हिरवा आणि युजर बोंबलतोय. सेन्सर चुकीच्या जागी!

दुसरं म्हणजे गळती. छतावरच्या एसीतून हवा छताच्या पोकळीतल्या नळीनं मागे जाते. आतलं झाकण काढून टॉर्च मारला तर सांध्यांना बोट जाईल एवढ्या फटी. थंड हवा खोलीत येण्याऐवजी छतात मुरत होती. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप आणून सगळे सांधे बंद केले. खिडक्यांना चकचकीत इन्सुलेशन कापून बसवलं, छतातल्या पंख्याच्या भोकात फोमची उशी. खर्च एका वेळच्या हॉटेलएवढा, आणि फरक हाताला जाणवेल इतका. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन एसीत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा मोजा. दोघांत ९ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असेल तर यंत्र ठणठणीत आहे, आजार गाडीत आहे.

तरीही ४३ अंशांत एवढ्यानं भागणार नव्हतं. मग पर्याय बघितले.

चाकांवरचा पोर्टेबल एसी, तो एका जाड नळीचा, सगळ्यांना आधी तोच सुचतो. मला तो अजिबात पटत नाही. तो खोलीतलीच हवा घेऊन गरम करून बाहेर फेकतो. तेवढी हवा मग फटींतून आत येणारच, आणि ती बाहेरची उकळती हवा असते. एका हातानं थंड करायचं, दुसऱ्या हातानं गरम.

५,००० बीटीयूचा छोटा विंडो एसी मात्र कामाचा प्राणी आहे. चार-पाच अँपमध्ये चालतो, म्हणजे आमच्या २४ मध्येही कसाबसा बसतो. खोलीही इवलीशी. अडचण अशी की त्याची पाठ मोकळ्या हवेत हवी, म्हणजे मागच्या भिंतीला चौकोन कापायचा, खाली आधार द्यायचा, पाणी बाहेर काढायचं. काही लोक फार सुबक करतात. आमच्यात भिंत कापायला दोघंच तयार होते, आणि गाडी तिघांची आहे. इन्व्हर्टर स्प्लिट हा सगळ्यात शांत आणि कमी वीज खाणारा, पण त्याचं बाहेरचं युनिट मागच्या बंपरवर टांगावं लागतं, आणि तांब्याच्या गॅसच्या नळ्या रस्त्याचे हादरे किती वर्षं सोसतील याची मला धाकधूक वाटते.

राहिला छतावरचा दुसरा एसी. यात एक सोय आहे. मोटरहोमच्या छतातलं पंख्याचं भोक १४ बाय १४ इंचाचं असतं, आणि छतावरच्या एसीलाही नेमकं तेवढंच लागतं. पंखा काढा, एसी ठेवा. ४० किलोच्या आसपासचं ते धूड छत पेलेल ना, हे आधी बघून घ्यायचं. आमचं पेलणारं होतं.

आणि वीज? इथे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेजवळ एक खांब असतो. त्यावर बहुतेक ठिकाणी ३० अँपच्या सॉकेटशेजारी एक साधं २० अँपचं सॉकेटही असतं, बहुतेक वेळा रिकामंच. आम्ही बेडरूमच्या एसीची वायर गाडीच्या पॅनेलला जोडलीच नाही. १२ गेजची स्वतंत्र वायर, गाडीच्या बाहेरच्या बाजूला स्वतंत्र इनलेट, आणि तिथून वेगळी जाड केबल थेट त्या २० अँपच्या सॉकेटला. २० चे ८० टक्के म्हणजे १६, एसीला लागतात १३. सुरुवातीचा झटका कमी करायला सॉफ्ट स्टार्टर. दोन लाइनी आत कुठेही एकमेकींना भेटत नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोडणी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननं केली. बाबांनी व्हिडिओ कॉलवर त्याला अर्थिंगबद्दल चार प्रश्न विचारले, त्यानंही हसत उत्तरं दिली.

काही कॅम्पग्राउंडना एका खांबावरची दोन सॉकेटं वापरलेली चालत नाहीत, तेव्हा बुकिंग करतानाच विचारायचं. आणि भर दुपारी सगळ्यांचे एसी चालू असले की खांबावरचं व्होल्टेज पडतं. १०५ च्या खाली गेलं की कॉम्प्रेसरचे हाल होतात. आमच्याकडे मीटर लावलाय, तो बघायचं खातं अर्थातच बाबांकडे होतं. लेक हवासूला रात्री दहाला बाहेर ३६, आत २५. आईनं पांघरूण मागितलं.

आता जिथे खांबच नाही तिथलं. जनरेटर आहे की, असं म्हणाल. नाही. झोपताना जनरेटर बंद, हा आमच्या गाडीत कायदा आहे. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो जीव घेतो. सुटा जनरेटर असेल तर गाडीपासून निदान २० फूट लांब, धूर उलट्या दिशेला. गाडीतला अलार्म महिन्यातून एकदा बटण दाबून तपासा. त्यालाही एक्सपायरी असते, पाठीमागे तारीख बघा. तसंही नॅशनल पार्कांत रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. बॅटरीवर चालवायचा तर १०० अँप-अवरची एक लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. एसी निम्मा वेळच चालला तरी रात्रीला पाचेक युनिट. चार-पाच बॅटऱ्या, फक्त झोपेसाठी!

त्यापेक्षा आम्ही नकाशा बदलतो. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ २,१०० मीटरवर आहे. तिथल्या मॅदर कॅम्पग्राउंडला विजेची जोडणी नाही, पण जूनमध्येही रात्री खिडकी उघडली तर कुडकुडायला होतं. खांब नसेल तिथे मुक्काम उंचावर, एवढं ठरवून टाकलं.

तुमच्यापैकी कोणी आई-बाबांना घेऊन इकडे येणार असेल आणि मोटरहोम भाड्यानं घेणार असेल, तर ती कापाकापी करता येत नाहीच. मग फोनवर विचारा, गाडी ३० अँपची की ५० ची, बेडरूमला वेगळा एसी आहे का, आणि थर्मोस्टॅट कुठे बसवलाय. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस बहुतेक गडबडतो. गडबडू दे, जाऊन बघायला सांगा.

चला, पुढच्या भागात सोलर पॅनेल. भेटू!